या वर्षी मुलांना सॅन बर्नार्डिनोला न्या: दक्षिण कॅलिफोर्नियातल्या मराठी शाळांना खुलं पत्र

दक्षिण कॅलिफोर्नियातल्या मराठी शाळांचे शिक्षक, स्वयंसेवक आणि पालक यांना,

सप्रेम नमस्कार.

शाळेची वार्षिक सहल ठरवायचे दिवस आले आहेत. यादीत दरवर्षी समुद्रकिनारा, प्राणिसंग्रहालय आणि ग्रिफिथ वेधशाळा असतात. ही ठिकाणं चांगलीच आहेत. तरी या वर्षी मोठ्या मुलांच्या वर्गांना सॅन बर्नार्डिनोला न्यावं, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. नुसतं ‘न्या’ म्हणून भागणार नाही, म्हणून हे पत्र जरा लांबवते आहे.

सॅन बर्नार्डिनो हे नाव आपल्याला लास व्हेगसच्या वाटेवरची पाटी म्हणून माहीत आहे. भारतातून आई-वडील, सासू-सासरे आले की आपण गाडी काढतो, कहोन खिंडीच्या दिशेने लागतो आणि शहर उजव्या हाताला मागे पडतं. शहराबद्दल कानावर येतं तेही बहुधा वाईटच: १९९४ मध्ये नॉर्टन हवाई तळ बंद झाला, रेल्वेची मोठी कर्मशाळा गेली, २०१२ मध्ये नगरपालिकेने दिवाळखोरी जाहीर केली. ‘तिथे बघायचं काय?’ असं मला अनेकांनी विचारलं आहे.

गाडीत बसून जेवायची पद्धत या शहरात ऐन भरात होती, आणि याच शहरातल्या एका कोपऱ्यावर ती मोडली गेली. त्या मोडण्यातून जे उभं राहिलं ते मॅकडॉनल्ड्स आज मुंबई-पुण्यातही आहे. आपली मुलं दर आठवड्याला तिथलं खातात, आणि त्यांच्या वयाच्या भारतातल्या मामे-चुलत भावंडांनाही त्याचं नाव पाठ असतं. मात्र हे अन्न ज्यांच्या हातांतून आलं त्या माणसांची गोष्ट त्यांना कोणी सांगितलेली नाही.

थोडं मागे जाते. ड्राइव्ह-इन खाणावळीची सुरुवात टेक्सासमधली मानतात. १९२१ मध्ये जेसी किर्बी आणि रूबेन जॅक्सन यांनी डॅलसजवळच्या रस्त्यावर ‘पिग स्टँड’ काढलं. गिऱ्हाइकाने गाडी थांबवायची, पोऱ्याने धावत येऊन ऑर्डर घ्यायची आणि डुकराच्या भाजलेल्या मांसाचं सँडविच गाडीतच आणून द्यायचं. या पोऱ्यांना कारहॉप म्हणत. पुढे मंदीच्या काळात मुलांच्या जागी बहुतेक ठिकाणी तरुण मुली आल्या. लॉस एंजेलिसमध्ये तर रस्त्याच्या मोक्याच्या कोपऱ्यांवर गोल किंवा अष्टकोनी इमारती उभ्या राहिल्या. गाड्या सगळ्या बाजूंनी येऊन लागाव्यात आणि मुलींना कुठल्याही गाडीपर्यंत चटकन पोचता यावं, असा त्या आकारामागचा विचार होता. गाडीच्या दाराला अडकवायचा ट्रे, त्यावर चिनी मातीच्या बशा, काचेचे पेले आणि खरे काटे-चमचे. मुलींचा पगार थोडा, सगळी मदार टिपवर.

१९४० मध्ये सॅन बर्नार्डिनोची वस्ती होती जेमतेम ४४ हजार. तरी असल्या धंद्याला लागणारं सगळं तिथे होतं. सांता फे रेल्वेचं मोठं स्थानक आणि कर्मशाळा, म्हणजे पाळीवर काम करणारे आणि पाळी सुटल्यावर भुकेले असणारे हजारो लोक. शिकागोहून येणारा रूट ६६ हा महामार्ग गावातूनच जायचा. भोवती संत्र्यांच्या बागा. बारा महिन्यांतले बरेचसे दिवस कोरडे, म्हणजे उघड्यावर गाडी लावून बसता येईल अशी हवा. पुढे युद्ध सुरू झालं, १९४२ मध्ये लष्कराचा हवाई तळ आला, शेजारच्या फोंटानात कायझरचा पोलाद कारखाना उभा राहिला, आणि खिशात पहिला पगार खुळखुळणारी तरुण मंडळी गावात भरून गेली.

इथे १५ मे १९४० रोजी रिचर्ड आणि मॉरिस मॅकडॉनल्ड या भावांनी चौदावा रस्ता आणि ई स्ट्रीट यांच्या कोपऱ्यावर आपलं बार्बेक्यू ड्राइव्ह-इन उघडलं. दोघे न्यू हॅम्पशायरच्या मँचेस्टरचे, आयरिश स्थलांतरितांची मुलं. वडील चपला-बुटांच्या कारखान्यात होते. नशीब काढायला दोघे कॅलिफोर्नियात आले, सिनेमाच्या स्टुडिओत पडेल ते काम केलं, ग्लेंडोरात एक चित्रपटगृह चालवून पाहिलं, ते चाललं नाही. त्यांच्या कुटुंबाची मन्रोव्हियाच्या विमानतळाजवळ हॉट डॉग आणि संत्र्याच्या रसाची टपरी होती. ती इमारतच उचलून त्यांनी सॅन बर्नार्डिनोला आणली. एवढी धडपड केलेल्या भावांबद्दल मला आदर आहे, हे आधीच सांगते.

त्यांचं ड्राइव्ह-इन धो-धो चाललं. २५ पदार्थ, २० कारहॉप मुली, सव्वाशे गाड्या मावतील एवढं आवार. सॅन बर्नार्डिनो हायस्कूल त्याच ई स्ट्रीटवर, चालत जाण्याच्या अंतरावर. संध्याकाळ झाली की पोरांच्या गाड्यांची रांग लागायची. १९४०च्या दशकाच्या मध्यावर वर्षाची विक्री दोन लाख डॉलरपर्यंत गेली होती. शहरातल्या सुखवस्तू लोकांत या भावांची गणना होऊ लागली.

आणि मग १९४८च्या शरद ऋतूत त्यांनी चालता धंदा तीन महिन्यांसाठी बंद केला. माझ्या मते सहलीत मुलांशी बोलायचं ते मुख्यतः यावर. भावांनी बिलं तपासली तेव्हा दिसलं की विक्रीतला बहुतेक वाटा एकट्या हॅम्बर्गरचा आहे. बशा फुटतात, चमचे चोरीला जातात, चांगले आचारी आणि कारहॉप टिकत नाहीत. पोरं तासन्‌तास गाड्या लावून बसतात, आणि त्या गर्दीमुळे लेकुरवाळी माणसं यायला कचरतात. त्यांनी २५ पदार्थांचे ९ केले. हॅम्बर्गर ३० सेंटचा १५ सेंटला आणला. बशा-पेले काढून कागद आणि पुठ्ठा आणला. सहा-सहा फुटांचे दोन तवे बसवले. एकाने फक्त पाव-मांस भाजायचं, दुसऱ्याने फक्त शेक बनवायचे, तिसऱ्याने फक्त कांदा-काकडी लावून गुंडाळायचं. अन्न कोणी मागण्याआधीच तयार. गिऱ्हाइकाने गाडीतून उतरून खिडकीशी यायचं.

त्या वीस मुलींना कामावरून काढून टाकण्यात आलं.

डिसेंबरात दुकान पुन्हा उघडलं तेव्हा जुनी गिऱ्हाइकं आवारात गाडी लावून हॉर्न वाजवत बसली. कोणी येत नाही हे कळल्यावर वैतागून निघून गेली. पहिले काही महिने विक्री कोसळली, कारहॉपना परत आणा असंही लोकांनी भावांना सांगितलं. भाऊ बधले नाहीत. हळूहळू टॅक्सीवाले, बांधकामावरचे मजूर आणि मुलाबाळांना घेऊन येणारे कामगार खिडकीशी उभे राहू लागले. ज्या घरांना सगळ्यांनी मिळून बाहेर जेवणं कधी परवडलं नव्हतं त्यांना ते पंधरा सेंटमुळे परवडलं. ही त्या बदलाची खरी चांगली बाजू आहे, आणि मुलांना तीही सांगितली पाहिजे. १९५१ मध्ये विक्री सुमारे २ लाख ७७ हजार डॉलर झाली, म्हणजे कारहॉपच्या दिवसांहून कितीतरी जास्त.

पण नव्या दुकानात भावांनी कामाला फक्त पुरुष घेतले. मुली असल्या की पोरं घोटाळतात, हे त्यामागचं कारण. घोटाळणाऱ्या पोरांचा त्रास संपवायचा म्हणून काम करणाऱ्या मुलींनी घरी जायचं, हा हिशेब आपल्या वर्गातल्या तेरा-चौदा वर्षांच्या मुलींपुढे ठेवून पाहा. त्या काय बोलतील ते ऐकण्यासारखं असेल. पांढरे बूट आणि चकाकत्या कापडाचा गणवेश घालून उन्हातान्हात ट्रे नेणाऱ्या या मुलींच्या जिवावर भावांनी आठ वर्षं पैसा मिळवला होता. कंपनीची गोष्ट सांगताना दोन्ही भाऊ येतात, पुढे १९५४ मध्ये मिल्कशेकची यंत्रं विकायला आलेले आणि १९६१ मध्ये धंदा २७ लाख डॉलरना विकत घेणारे रे क्रॉक येतात. मुली फक्त ‘२० कारहॉप’ एवढ्या आकड्यात उरतात.

असाच आणखी एक माणूस गोष्टीच्या कडेला राहतो. एकदम सारखा केचप आणि मोहरी सोडणारं पंप आणि न वाकणारी पोलादी उलथणी ही अवजारं सॅन बर्नार्डिनोतल्याच एका कारागिराने, एड टोमन यांनी, आपल्या छोट्या वर्कशॉपमध्ये भावांना बनवून दिली. ज्या वेगाची जगाने पुढे नक्कल केली तो वेग असल्या अवजारांवर उभा होता. आपल्या मुलांपैकी निम्म्यांना इंजिनीअर व्हायचं असतं. त्यांना टोमन यांचं नाव माहीत असायला हवं.

आता शहराच्या दुसऱ्या बाजूला चला. रेल्वेच्या पश्चिमेला माउंट व्हर्नन अव्हेन्यू आहे. जुना रूट ६६ त्याच रस्त्याने गावात येई. तिथे मेक्सिकन वस्ती होती आणि आहे. १९३७ मध्ये लुसिया रॉड्रिगेझ यांनी तिथे मिटला कॅफे सुरू केला. तो आजही चालू आहे आणि त्याच कुटुंबाकडे आहे. तळून कुरकुरीत केलेल्या मक्याच्या टॉर्टियात खिमा, कोबीसारखी चिरलेली लेट्यूसची पानं, टोमॅटो आणि किसलेलं पिवळं चीज असा टाको तिथे मिळे.

ग्लेन बेल नावाच्या तरुणाने युद्धावरून परतल्यावर १९४८ मध्ये सॅन बर्नार्डिनोतच ‘बेल्स ड्राइव्ह-इन’ काढलं. मॅकडॉनल्ड बंधूंचं यश त्यांच्या डोळ्यांसमोर होतं, आणि हॅम्बर्गर विकून त्यांच्याशी टक्कर देणं अवघड होतं. पुढे त्यांनी माउंट व्हर्ननवर, मिटला कॅफेच्या समोर, स्टँड टाकलं. संध्याकाळी ते समोर जाऊन टाको खात. खाता खाता तो कसा बनतो याचा अंदाज घेत राहिले, आणि अखेर रॉड्रिगेझ कुटुंबाने त्यांना स्वयंपाकघरात येऊन पाहू दिलं, अशी त्या घरची आठवण आहे. बेल यांनी एकदम अनेक टॉर्टिया वाकवून तळता येतील अशी तारेची जाळी बनवून घेतली आणि १९ सेंटला टाको विकायला लागले. आधी टाको टिया, मग एल टाको, आणि १९६२ मध्ये डाउनीला पहिलं टाको बेल. १९७८ मध्ये ही कंपनी पेप्सिकोने घेतली. बेल यांच्या हाताखाली आणि सोबतीने शिकलेल्या लोकांनी डेल टाको आणि वीनरश्नित्सेल या खाद्यसाखळ्या काढल्या. त्यांचे मित्र नील बेकर यांनी १९५२ मध्ये सॅन बर्नार्डिनोत ‘बेकर्स’ सुरू केलं, ते आपल्या भागात आजही जागोजागी दिसतं.

पदार्थ शिकणं ही चोरी नव्हे, असं मी मानते. आपण सगळ्या एकमेकींकडून शिकतो. पण शिकवणाऱ्या घराचं नाव घेणं ही साधी माणुसकी आहे. डाउनीतली टाको बेलची पहिली इमारत पाडायची वेळ आली तेव्हा कंपनीने २०१५ मध्ये ती रातोरात ट्रकवर चढवून अर्व्हाइनला आपल्या मुख्यालयाच्या आवारात नेली. त्या इमारतीचं एवढं अप्रूप होतं. जिथे टाको शिकला गेला ते घर तर जागच्या जागी आहे, दार उघडं आहे, जाऊन बसून जेवता येतं. आपण तिथे जाऊ शकतो.

मिटलाचं महत्त्व टाकोपुरतंही नाही. ई स्ट्रीटवर कारहॉपची चलती होती त्याच वर्षांत, १९४३ मध्ये, पेरिस हिल पार्कमधल्या सार्वजनिक तलावात मेक्सिकन वंशाच्या माणसांना पोहू दिलं जात नव्हतं. त्यांच्यात अमेरिकेत जन्मलेले नागरिकही होते. शहराच्या पश्चिम भागातले हे लोक एकत्र आले, आणि त्यांच्या बैठकांची एक जागा मिटला कॅफे ही होती. ‘एल एस्पेक्टाडोर’ या वृत्तपत्राचे संपादक इग्नासिओ लोपेझ आणि इतरांनी नगरपालिकेवर खटला भरला. महापौरांच्या नावावरून तो लोपेझ विरुद्ध सेकॉम्ब म्हणून ओळखला जातो. १९४४ मध्ये न्यायाधीश लिऑन यँकविच यांनी निकाल दिला की उद्यान आणि तलाव सगळ्यांना खुले केले पाहिजेत. वकील होते डेव्हिड मार्कस. पुढे त्यांनीच ऑरेंज काउंटीतल्या शाळांच्या भेदभावाविरुद्धचा मेंडेझ खटला लढवला. आपली मुलं त्याच ऑरेंज काउंटीतल्या शाळांमध्ये सगळ्यांच्या बरोबरीने बसतात. त्या बरोबरीच्या वाटेवर एका खाणावळीतलं टेबलही आहे.

मराठी शाळेचा याच्याशी काय संबंध, असं काही पालक विचारतील. गिरणगावात खानावळी चालवणाऱ्या बायकांची गोष्ट आपल्याला माहीत आहे. हजारो गिरणी कामगारांना दोन वेळ जेवू घालणाऱ्या त्या बायकांना प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळात संघटित केलं. मुंबईच्या गिरण्यांचा इतिहास या बायकांना वगळून सांगितला तर आपल्याला तो अपुरा वाटतो. तीच नजर मुलांनी ज्या देशात ती वाढत आहेत त्या देशाकडेही लावावी, एवढं मला हवं आहे. शिवाय १९९६ मध्ये मुंबईत आलेलं मॅकडॉनल्ड्स, तिथला गोमांसाला फाटा देऊन बनवलेला मेन्यू, आणि ते पहिल्यांदा पाहिलेले मुलांचे मामा-मावशी हाही या गोष्टीचा पुढचा धागा आहे. घरी फोनवर विचारायला सांगा, प्रत्येकाकडे काहीतरी निघेल.

आता व्यवहाराचं. लॉस एंजेलिसकडून येताना १५ नंबरच्या फ्रीवेने सरळ वर न जाता २१५ घ्या आणि बेसलाइनला उतरा. चौदावा रस्ता आणि ई स्ट्रीटचा कोपरा तिथून जवळ आहे. मूळ इमारत आता नाही, पण त्या जागेवर एक अनौपचारिक संग्रहालय आहे. हुआन पोयो या चिकनच्या साखळीचे संस्थापक आल्बर्ट ओकुरा यांनी १९९८ मध्ये ती जागा घेतली आणि लोकांनी आणून दिलेल्या वस्तूंनी संग्रह वाढवत नेला. जपानी वंशाचे ओकुरा २०२३ मध्ये गेले. ज्या कंपनीचा तो इतिहास, तिने तो जपला नव्हता, एका दुसऱ्या धंदेवाल्याने जपला, हे मुलांना आवर्जून सांगा. तिथून फ्रीवेच्या पलीकडे मिटला कॅफेला दहा मिनिटं लागतात. मुलांना खिडकीबाहेर बघायला लावा. फ्रीवे ओलांडला की रस्ते आणि घरं कशी बदलतात, ते त्यांचं त्यांना दिसू दे. रूट ६६ वरची रहदारी फ्रीवेवर गेली तेव्हा माउंट व्हर्ननवरच्या दुकानांची रया गेली. मिटला टिकला तो त्या कुटुंबाच्या चिकाटीने.

वेळ उरला तर पश्चिमेला रियाल्टोच्या हद्दीवर रूट ६६ वरचं विगवॅम मोटेल बघता येईल. तंबूच्या आकाराच्या सिमेंटच्या एकोणीस खोल्या एका गुजराती कुटुंबाने डागडुजी करून पुन्हा नीट केल्या. आपल्या देशातून आलेल्या माणसांनी अमेरिकेचा जुना रस्ता असा सांभाळला, हे बघून मुलांना बरं वाटेल.

कृपा करून या सहलीला बर्गर-टाकोची खाद्ययात्रा करू नका. जेवण मिटलाला एकदाच, आणि तेही सावकाश बसून. शाकाहारी घरांनी कोणत्या पदार्थात चरबी किंवा मांसाचा रस्सा आहे ते आधी विचारून घ्यावं. मोठ्या गटाने जाण्यापूर्वी त्यांना फोन करून कळवावं. चाळीस मुलं अचानक दारात उभी राहिली तर स्वयंपाकघरातल्या माणसांची तारांबळ उडेल, आणि आपण तर त्यांची कदर करायला जातो आहोत. जुन्या आठवणी सांगायला घरातलं कोणी बसणार असेल तर मोठ्या मुलांनी त्या मराठीत लिहून काढाव्यात. वर्षअखेरच्या कार्यक्रमात नाच-गाण्यांच्या मध्ये दहा मिनिटं त्याच्या वाचनाला द्यावीत, अशी दुसरी विनंती.

जून ते सप्टेंबर टाळा, तिथलं ऊन लहानांना सोसत नाही. नोव्हेंबर किंवा फेब्रुवारीचा शनिवार चांगला. मराठीतलं आठ पानी टिपण मी तयार केलं आहे, त्यात नकाशा आणि मुलांसाठी प्रश्न आहेत. ज्या शाळेला हवं असेल तिला पाठवते, आणि सोबत यायलाही तयार आहे. कार्यकारिणीच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा आणि तारीख कळवावी.

आपली,
रविवारच्या मराठी शाळेतली एक शिक्षिका
इनलँड एम्पायर, कॅलिफोर्निया